एकतीस शहरांची आघाडी

इ.स.पू. 480 चा शरद ऋतू. सॅलॅमिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमाराचा धुव्वा उडवून ग्रीक सेनापती कॉरिंथच्या संयोगभूमीवर जमले होते. या युद्धात सर्वांत मोठी कामगिरी कुणाची आणि त्याखालोखाल कुणाची, हे ठरवायचं होतं. समुद्रदेव पोसायडनच्या वेदीपाशी प्रत्येक सेनापतीनं दोन मतं द्यायची, असं ठरलं. मतं मोजली तेव्हा दिसलं, की पहिलं मत प्रत्येकानं स्वतःलाच दिलं होतं. दुसरं मात्र बहुतेकांनी अथेन्सच्या थेमिस्टोक्लीसला दिलं होतं. पहिल्या क्रमांकाला प्रत्येकाच्या वाट्याला एकेकच मत, आणि दुसऱ्या क्रमांकावर थेमिस्टोक्लीसच्या जवळपासही कुणी नाही. तरीही हेव्यादाव्यांपायी निर्णय झाला नाही आणि सगळे आपापल्या गावी निघून गेले.

इतिहासकार हिरोडोटसनं हा प्रसंग नोंदवून ठेवला, हे त्याचे आपल्यावर उपकार आहेत. थर्मोपिलीच्या तीनशे वीरांची गोष्ट जगभर सांगितली जाते. पण दुसऱ्याचं मोठेपण कबूल करायला ज्यांची जीभ रेटत नव्हती, त्याच माणसांनी थोड्याच दिवसांपूर्वी एकाच सेनापतीचे हुकूम मानून एकाच रांगेत जहाजं उभी केली होती. ते एकत्र कसे आले आणि एकत्र कसे राहिले, हा प्रश्न मला त्यांच्या शौर्याहून मोठा वाटतो. शौर्य तर हरलेल्या शहरांकडेही होतं.

त्या काळी ग्रीस नावाचं राज्य नव्हतं. होती ती नगरराज्यं. काळ्या समुद्रापासून स्पेनच्या किनाऱ्यापर्यंत विखुरलेली, संख्येनं हजाराच्या आसपास. प्रत्येकाचे कायदे वेगळे, पंचांग वेगळं, आणि शेजाऱ्याशी बांधावरून पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. समोर इराणचं अखामनी साम्राज्य: सिंधू नदीपासून एजियन समुद्रापर्यंत एक राजा, एक खजिना, एक हुकूम.

या साम्राज्याशी एकजुटीनं लढण्याचा एक प्रयत्न आधीच फसला होता. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आयोनियन ग्रीक शहरांनी इ.स.पू. 499 मध्ये सम्राट दारयवहूविरुद्ध बंड केलं. इ.स.पू. 494 मध्ये मिलेटसजवळ लेड बेटापाशी त्यांचं एकत्रित आरमार उभं राहिलं. कायॉसची 100 जहाजं, मिलेटसची 80, लेस्बॉसची 70, सेमॉसची 60, लहानसहान गावांची तीनपासून सतरापर्यंत, अशी एकूण 353. कवायतीची जबाबदारी फोकिया गावच्या डायनिशियस या कसलेल्या दर्यावर्दीनं घेतली. सात दिवस त्यानं वल्हेकऱ्यांचा घाम काढला. आठव्या दिवशी कुरबुर सुरू झाली: ज्याच्या गावाची जेमतेम तीन जहाजं, त्यानं आपल्यावर का हुकूम चालवायचा? लोक तंबू ठोकून सावलीत बसले आणि जहाजावर चढेनात. इराण्यांनी आधीच सेमॉसच्या पुढाऱ्यांशी संधान बांधलं होतं. लढाईला तोंड लागताच सेमॉसच्या 60 पैकी 49 जहाजांनी शिडं उभारून घरची वाट धरली. ते पाहून लेस्बॉसवाले पळाले. कायॉसचे लोक झुंजले, पण आरमार फुटलं ते फुटलंच. मिलेटस पडलं, पुरुष मारले गेले, उरलेल्यांना इराणी आखाताच्या काठी नेऊन वसवलं. 353 जहाजं काही थोडी नव्हेत. बळ कमी पडलं नव्हतं. तीन जहाजांच्या माणसाचं ऐकायची तयारी कमी पडली.

आयोनियाच्या मदतीला अथेन्सनं 20 आणि इरेट्रियानं 5 जहाजं पाठवली होती. त्याचा सूड म्हणून इ.स.पू. 490 मध्ये दारयवहूचं आरमार आलं. इरेट्रिया बेचिराख झालं, पण मॅरॅथॉनच्या मैदानात अथेन्सनं इराण्यांना परतवलं. त्या दिवशी सोबतीला आलं ते फक्त प्लाटिया, डोंगराच्या कुशीतलं एक लहान गाव. आपले असतील नसतील ते सगळे लढवय्ये घेऊन आलं. हे नाव लक्षात ठेवावं.

दहा वर्षांनी दारयवहूचा मुलगा झर्क्सीज स्वतः निघाला. हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर नावांचा पूल बांधला, अ‍ॅथॉस डोंगराच्या मानेतून कालवा खणला. त्याचे जासूद गावोगाव माती आणि पाणी मागत फिरले. ते देणं म्हणजे मांडलिकी पत्करणं. पुष्कळांनी दिलं. थेसलीच्या सरदारांनी, थीब्जनं, उत्तरेकडच्या बहुतेक साऱ्यांनी. त्यांना फितूर म्हणणं सोपं आहे. पण ज्यांच्या शेतातून ती फौज जाणार होती, त्यांच्या पाठीशी उभं राहायला कुणी आहे की नाही, हे तोवर कुठे ठरलं होतं?

ते ठरवायला इ.स.पू. 481 मध्ये, इराणला नकार द्यायचं ठरवलेल्या शहरांचे प्रतिनिधी एकत्र बसले. या सभेनं घेतलेला पहिला निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. इराणचं नंतर पाहू, आधी आपसातली चालू युद्धं बंद करायची. त्यातलं सर्वांत मोठं युद्ध अथेन्स आणि एजायना यांचं. एजायना हे अथेन्सच्या बंदरातून नुसत्या डोळ्यांनी दिसणारं व्यापारी बेट. त्याआधी अथेन्सच्या ताब्यातल्या लॉरियनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला, तेव्हा ती प्रत्येक नागरिकाला दहा-दहा द्राख्मा वाटून टाकायची, असं अथेन्समध्ये चाललं होतं. थेमिस्टोक्लीसनं तो पैसा युद्धनौकांकडे वळवला, आणि लोकांना पटवताना नाव घेतलं ते याच एजायनाचं. शेजाऱ्याला बुडवायला बांधलेलं ते आरमार आता त्याच शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहणार होतं.

सभेनं आणखी दोन गोष्टी केल्या. झर्क्सीजची फौज जमली होती त्या सार्डिसला तीन हेर पाठवले. ते पकडले गेले, पण झर्क्सीजनं त्यांना मारण्याऐवजी सगळी फौज हिंडवून दाखवली आणि सोडून दिलं. आकडा ऐकूनच ग्रीक शरण येतील, असा त्याचा हिशेब होता. दुसरं म्हणजे, जे गप्प बसले होते त्या बड्या राज्यांकडे वकील रवाना झाले.

या वकिलातींच्या हकिगती मुळातून वाचण्यासारख्या आहेत. आरगॉसनं तीस वर्षांचा तह आणि अर्धं सेनापतिपद मागितलं. आरगॉसचं दुखणं ताजं होतं. थोड्याच वर्षांपूर्वी स्पार्टाच्या क्लिओमेनीस राजानं त्यांची 6,000 माणसं मारली होती. स्पार्टाचं उत्तर असं, की आमचे राजे दोन, त्यांपैकी कुणाचाच अधिकार काढता येत नाही. तुमच्या राजाला त्यांच्या बरोबरीनं एक मत देऊ. आरगॉसनं वकिलांना सूर्यास्ताच्या आत हद्द सोडायला सांगितलं. क्रीटनं डेल्फीच्या देवस्थानी कौल लावला आणि कौलाच्या आडोशाला बसून राहिलं. कॉर्सायरानं तोंड भरून होकार दिला, 60 जहाजं सज्जही केली. ती पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाशी थांबून कोण जिंकतं ते पाहत राहिली. मागून सांगितलं, की वारा प्रतिकूल होता.

आणि सिसिलीतल्या सिराक्यूजचा गेलॉन. ग्रीक जगातला तेव्हाचा सर्वांत बलाढ्य सत्ताधीश. त्यानं जे देऊ केलं ते वाचून आजही छाती दडपते: 200 युद्धनौका, 20,000 पायदळ, 2,000 घोडेस्वार, त्याखेरीज धनुर्धर, गोफणकरी आणि हलके स्वार. शिवाय युद्ध संपेपर्यंत सगळ्या ग्रीक फौजेला पुरेल इतकं धान्य. अट एकच, सरसेनापती मी. स्पार्टाचा वकील उसळून नाही म्हणाला. गेलॉन खाली उतरला. बरं, जमीन तुमची, आरमार माझं. किंवा उलट करा. आता अथेन्सचा वकील उठला. आरमार स्पार्टानं मागितलं तर आम्ही देऊ, पण त्यांना नको असेल तर ते आमचं, दुसऱ्या कुणाचं नाही. तेव्हा, तुमच्याकडे हुकूम सोडणारे बरेच दिसतात, हुकूम पाळायला कुणी मिळेलसं दिसत नाही, अशा अर्थाचं बोलून गेलॉननं त्यांना वाटेला लावलं. कार्थेजचं संकट त्याच्याही दाराशी होतंच.

गेलॉनला नकार देणं योग्य होतं, असं माझं मत आहे. एका सम्राटापासून सुटण्यासाठी दुसऱ्या हुकूमशहाच्या हाती सगळं सैन्य देण्यात अर्थ नव्हता. पण अथेन्सच्या वकिलाच्या बोलण्यातला अर्धा भाग पुढे फार मोलाचा ठरला. आघाडीच्या आरमारात सर्वांत जास्त जहाजं अथेन्सची होती. आर्टेमिसियमच्या लढाईत 127 जहाजांनिशी ते उतरलं, वर 20 जहाजं कॅल्किसच्या खलाशांना वापरायला दिली. स्पार्टाची जहाजं होती 10. तरीही इतर शहरं म्हणाली, नेतृत्व स्पार्टाचं असेल तरच आम्ही येऊ. अथेन्सच्या हाताखाली लढणार नाही. अथेन्सनं वाद घातला नाही. युरिबायडीस नावाच्या स्पार्टन माणसाला आरमाराचा प्रमुख मानलं. हिरोडोटस इथे थांबून सांगतो, की अथेन्सनं हट्ट धरला असता तर ग्रीस बुडाला असता. लेडला 353 जहाजांना जे जमलं नाही, ते इथे एका शहरानं मान बाजूला ठेवून जमवलं. आघाडी टिकण्याचं खरं कारण विचाराल तर मी हेच सांगेन.

थर्मोपिलीच्या खिंडीतल्या लढाईचा तपशील सर्वांना ठाऊक आहे, म्हणून एवढंच सांगतो: शेवटच्या दिवशी स्पार्टाचा राजा लिओनिडास यानं बाकीच्यांना परत पाठवलं तेव्हा तीनशे स्पार्टनांबरोबर थेस्पिया गावचे 700 जण स्वखुशीनं थांबले आणि तिथेच पडले. लहान गावाला एवढी माणसं गमावणं म्हणजे काय, ते ज्यांनी लहान गाव पाहिलंय त्यांना समजेल. पुढे झर्क्सीजनं थेस्पिया आणि प्लाटिया ही दोन्ही गावं जाळली.

आता अथेन्सचा रस्ता मोकळा होता. शहर रिकामं करायचं ठरलं. बायका, मुलं, म्हातारेकोतारे एजायनाला, सॅलॅमिसला आणि सर्वांत जास्त ट्रीझेनला गेले. ट्रीझेन हे आखातापलीकडचं साधंसं गाव. चरित्रकार प्लूटार्क सांगतो, की ट्रीझेनकरांनी रीतसर ठराव केला. या कुटुंबांना सरकारी खर्चानं रोज दोन-दोन ओबोल नाणी द्यावीत, मुलांना कुणाच्याही मळ्यातली पिकली फळं तोडायची मुभा असावी, आणि त्यांना शिकवणाऱ्या पंतोजींचा पगार गावानं द्यावा. साम्राज्याची फौज चालून येत असताना परगावच्या पोरांचा अभ्यास बुडू नये, म्हणून ठराव करणारं गाव! आघाडी म्हणजे सेनापतींच्या सभा एवढंच नव्हतं, हे मला या ठरावानं पटवलं.

सॅलॅमिसच्या सभेत मात्र कडाक्याचं भांडण झालं. समोर अथेन्स जळत होतं. पेलोपोनीजच्या शहरांना संयोगभूमीवर भिंत बांधून तिच्याआड लढायचं होतं. थेमिस्टोक्लीस म्हणत होता, की लढायचं तर इथेच. या चिंचोळ्या पाण्यात त्यांची संख्या त्यांच्याच पायात येईल. कॉरिंथचा आडिमांटस त्याच्यावर खेकसला, की ज्याला शहरच उरलं नाही त्यानं मत मांडू नये. थेमिस्टोक्लीसनं सुनावलं, की माणसांनी भरलेली 200 जहाजं आहेत तोवर आमचं शहर तुमच्यापेक्षा मोठं आहे. मग युरिबायडीसकडे वळून त्यानं शेवटचं अस्त्र काढलं. तुम्ही निघालात तर आम्ही बायकापोरं घेऊन इटलीत कायमचे जाऊन राहू. एका ट्रायरीमवर, म्हणजे वल्ह्यांच्या युद्धनौकेवर, सुमारे दोनशे माणसं असत, आणि अथेन्सच्या स्वतःच्या अशा 180 ट्रायरीम निघून गेल्या तर मागे काय उरेल, हे युरिबायडीसला समजलं. त्याची मोठी गोष्ट ही, की तो ऐकून घेऊ शकला.

तरी चलबिचल थांबेना, तेव्हा थेमिस्टोक्लीसनं आपला नोकर सिकिनस रात्री इराण्यांकडे पाठवला. ग्रीक पळायच्या बेतात आहेत, वाट अडवा, असा निरोप दिला. इराणी जहाजांनी वेढा घातला. ही बातमी खरी आहे, यावर सेनापतींचा विश्वास बसेना. तेव्हा टीनॉस बेटाची एक ट्रायरीम इराणी आरमारातून निसटून आली आणि तिनं ग्वाही दिली. त्या एका जहाजासाठी टीनॉसचं नाव पुढे डेल्फीला कोरलं गेलं. लढाईत शौर्याचा पहिला मान मिळाला एजायनाला, दुसरा अथेन्सला.

झर्क्सीज परतला, पण सेनापती मार्डोनियस निवडक फौजेनिशी थेसलीत राहिला. त्याला ग्रीकांचा आपसातला हेवा नीट कळला होता. त्यानं मॅसिडोनियाच्या पहिल्या अलेक्झांडर राजाकरवी अथेन्सला निरोप धाडला: झालं गेलं माफ, तुमचा मुलूख तुमचा, हवा तर आणखी घ्या, देवळं आम्ही बांधून देतो, फक्त आमच्या बाजूला या. अथेन्सनं नकार दिला. कारणं दोन सांगितली: जाळलेल्या देवळांचं आणि मूर्तींचं देणं, आणि आपण सारे ग्रीक एका रक्ताचे, एका भाषेचे, एका देवधर्माचे, एका रीतीभातीचे असल्याची जाणीव.

एवढ्या उत्तरानंतर स्पार्टानं काय केलं? सण केला. हायकिंथियाचा उत्सव चालू होता आणि संयोगभूमीवरची भिंत पुरी होत आली होती. मार्डोनियस पुन्हा अथेन्समध्ये शिरला, लोकांनी पुन्हा शहर सोडलं. मार्डोनियसचा प्रस्ताव निदान लोकसभेपुढे ठेवू या, असं सुचवणाऱ्या लिसिडास या सदस्याला अथेन्सवासीयांनी दगडांनी ठेचून मारलं, आणि बायकांनी त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला नि मुलांना. ही गोष्ट गाळून या आघाडीचं कौतुक करणं मला अप्रामाणिक वाटतं. एकजूट टिकवायचा हा दुसरा चेहरा होता.

स्पार्टात अथेन्सचे वकील दहा दिवस ताटकळले. शेवटी टेजिया गावच्या कीलिऑसनं कानउघाडणी केली, की अथेन्स इराणला मिळालं तर भिंतीला हवी तेवढी दारं उघडतील. त्या रात्रीच 5,000 स्पार्टन निघाले, प्रत्येकामागे सात हेलॉट घेऊन. हेलॉट म्हणजे स्पार्टानं गुलामीत ठेवलेले शेतकरी, संख्येनं 35,000. त्यांचं नाव मात्र कुठेच कोरलं गेलं नाही.

इ.स.पू. 479 च्या उन्हाळ्यात प्लाटियाच्या माळावर दोन्ही फौजा भिडल्या. हिरोडोटसच्या मोजणीनं ग्रीक जडशस्त्रधारी 38,700. त्यात अथेन्सचे 8,000, कॉरिंथचे 5,000, आणि मायसेनी व टिरिन्स या दोन गावांचे मिळून 400. लढाईआधी डाव्या बगलेच्या मानावरून टेजिया आणि अथेन्स यांचं वाजलं. अथेन्सनं आपली बाजू मांडली आणि वर सांगितलं, की स्पार्टा जिथे उभं करील तिथे आम्ही लढू. पुन्हा तीच गोष्ट. समोरच्या रांगेत, आपल्या वाचकांना नवल वाटेल, भारतीय होते. सिंधूकाठच्या सुभ्यातून आणलेले, सुती कपड्यांतले, वेताच्या धनुष्यांचे तिरंदाज. त्यांना मार्डोनियसनं हर्मायनी, इरेट्रिया, स्टायरा आणि कॅल्किसच्या माणसांसमोर उभं केलं होतं.

पाण्याचा झरा शत्रूनं बुजवला, म्हणून रात्री मागे हटायचं ठरलं. तर एका स्पार्टन तुकडीचा नायक अमोम्फारेटस हटेना. सरसेनापती पॉसेनियसशी भांडता भांडता त्यानं दोन्ही हातांनी एक मोठा धोंडा उचलून त्याच्या पायाशी टाकला. परक्यांपुढून पळायचं नाही, हे माझं मत, म्हणाला. मतदान खड्यांनी करायची तिकडे रीत होती. अशा गोंधळात उजाडलं, मार्डोनियसला वाटलं ग्रीक पळाले, तो चालून आला आणि मारला गेला. ग्रीस जिंकायला इराणी फौज पुन्हा आली नाही.

लुटीच्या दशांशातून डेल्फीला सोन्याची तिवई अर्पण केली, खाली एकमेकांना वेढे घातलेल्या तीन सापांचा काशाचा खांब. पॉसेनियसनं त्यावर स्वतःचाच पराक्रम कोरून घेतला. स्पार्टानं ती अक्षरं खरवडून काढली आणि त्यांच्या जागी युद्धात लढलेल्या शहरांची नावं घातली. सोनं पुढे लुटलं गेलं. खांब सम्राट कॉन्स्टंटाइननं आपल्या नव्या राजधानीत नेला, आणि सापांची डोकी गमावून तो आजही इस्तंबूलच्या सुलतानअहमेत चौकात उभा आहे. वेढ्यांवर 31 नावं आहेत. वर स्पार्टा, अथेन्स, कॉरिंथ. त्याच यादीत टीनॉस, सिफ्नॉस, मायसेनी, लेप्रिऑन. हजारांतली एकतीस. उशिरा पोचलेल्या मँटिनियाचं नाव नाही, तितक्याच उशिरा आलेल्या इलिसचं मात्र आहे. इटलीतल्या क्रोटॉनचं एक जहाज सॅलॅमिसला लढलं, त्याचंही नाव नाही.

संकट ओसरताच आघाडी विरली. इ.स.पू. 478 मध्ये पॉसेनियसच्या मगरुरीला कंटाळलेल्या आयोनियन शहरांनी अथेन्सला पुढारीपण दिलं, त्यातून डेलॉसची नवी युती निघाली. हिच्यात खंडणी होती, 460 टॅलेंट, आणि सोडून जाण्याची सोय नव्हती. ज्या अथेन्सनं आरमाराचा मान सोडून ग्रीस वाचवला, त्याच अथेन्सनं युती सोडू पाहणाऱ्या नॅक्सॉसला वेढा घालून नमवलं. एजायनाच्या लोकांना इ.स.पू. 431 मध्ये बेटावरून हाकललं. इ.स.पू. 416 च्या हिवाळ्यात मीलॉसचे पुरुष मारले, बायकामुलं गुलाम म्हणून विकली. मायसेनीला आरगॉसनं उद्ध्वस्त केलं. नॅक्सॉस, एजायना, मीलॉस, मायसेनी ही चारही नावं डेल्फीच्या त्या यादीतली आहेत. अथेन्सच्या त्या औदार्याला मी कमी लेखत नाही, पण ते संकटापुरतं होतं, हे मान्य करायला हवं.

आणि प्लाटिया. इ.स.पू. 479 मध्ये विजयानंतर पॉसेनियसनं त्याच गावच्या चौकात सर्व मित्रशहरांसमक्ष यज्ञ करून प्लाटियाच्या स्वातंत्र्याची हमी दिली होती. स्पार्टाच्या वीरांच्या कबरींवर प्लाटियाचे लोक दरसाल वस्त्रं आणि शेतातलं पहिलं पीक वाहत आले. इ.स.पू. 427 मध्ये, अथेन्स-स्पार्टा युद्धात, वेढ्यानं उपासमार होऊन ते स्पार्टाला शरण गेले. पाच न्यायाधीश आले. त्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: चालू युद्धात तू स्पार्टाची किंवा तिच्या मित्रांची काही सेवा केलीस का? प्लाटियाच्या लोकांनी त्या कबरींची आणि पॉसेनियसच्या शपथेची आठवण दिली. न्यायाधीशांनी प्रश्न बदलला नाही. किमान दोनशे प्लाटियन आणि 25 अथेन्सवासी मारले गेले, बायकांना गुलाम केलं. गाव पायापासून उखडलं गेलं, आणि त्याची जमीन दहा वर्षांच्या खंडानं थीब्जच्या लोकांना दिली गेली, जे प्लाटियाच्या लढाईत इराणच्या बाजूनं लढले होते.